आधी व्हॉल्व्ह, मग ठिणगी

जुनी गाडी नीट चालेनाशी झाली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे जातो. तो इंजिनाच्या वरच बसलेला असतो, त्याचे स्क्रू सहज हाताला लागतात आणि ते जरा फिरवले की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. आवाज बदलला म्हणजे काहीतरी सुधारले, असा समज होतो. दोन दिवसांनी गाडी पुन्हा स्लो स्पीडला थरथरते, घाटात तिचा दम जातो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. मग प्लग बदलतात, पेट्रोल पंप उघडतात, आणि खरा दोष जिथल्या तिथे राहतो.

अडचण अशी की व्हॉल्व्ह, ठिणगी आणि पेट्रोल या तिघांचे आजार बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. ‘गाडी मिसिंग करते’ या एका तक्रारीमागे जळालेला व्हॉल्व्ह असू शकतो, बिघडलेला कंडेन्सर असू शकतो, नाहीतर जेटमध्ये अडकलेला कचरा. त्यामुळे शोधाला क्रम लागतो. जे बिघडले असता बाकीचे नीट करताच येत नाही, ते आधी तपासायचे. जुन्या इंजिनात हा क्रम आधी व्हॉल्व्ह, मग ठिणगी आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर असा आहे. का, ते समजून घेण्यासाठी आधी इंजिनाच्या आत जाऊ.

उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनीचे इंजिन घेऊ. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० डी तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने जे कष्ट उपसले, तेवढे फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आले असतील. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हौशी मंडळींकडे मात्र ती आजही आहे, आणि तिच्या इंजिनाइतके चांगले शिकवणारे इंजिन मला दुसरे माहीत नाही. ६८ मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, मिळून १०८९ सीसी. हेडमध्ये आठ व्हॉल्व्ह, ते उघडायला पुशरॉड आणि रॉकर, ठिणगीसाठी कॉइल आणि पॉइंट असलेला डिस्ट्रिब्यूटर. ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२. सगळे उघडून पाहता येते, मोजता येते. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची रचनाही मुळात हीच.

या इंजिनात वेळेचा मालक एकच, क्रँकशाफ्ट. क्रँकवरून टायमिंग चेनने कॅमशाफ्ट फिरतो, क्रँकच्या निम्म्या वेगाने. कॅम पुशरॉड उचलतो, पुशरॉड रॉकर हलवतो, रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. त्याच कॅमशाफ्टवरच्या गिअरने डिस्ट्रिब्यूटर फिरतो आणि त्यातले पॉइंट उघडले की त्या क्षणी ठिणगी पडते. म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगी ही दोन स्वतंत्र खाती नाहीत. चेन सैल झाली तर दोन्हींना एकदमच उशीर होतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

उशीर म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात आणि क्रँकचा एक अंश सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागात सरतो. सिलिंडरमधले मिश्रण मात्र एका क्षणात भडकत नाही. ज्वाळा प्लगपासून कडेपर्यंत पसरायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात क्रँक ३६ अंश फिरून जातो. पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यावर साधारण १५ अंशांच्या आसपास दाब सर्वात जास्त असावा, तरच पिस्टनला पुरेपूर रेटा मिळतो. त्यामुळे ठिणगी पिस्टन वर येत असतानाच पडावी लागते. ८०० फेऱ्यांना त्याच दोन मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम दहा अंश फिरतो, म्हणजे स्लो स्पीडला थोडी आगाऊ ठिणगी पुरते आणि वेग वाढेल तशी ती आणखी आधी पडावी लागते. प्रत्यक्षात वेग वाढला की आतली खळबळ वाढते, ज्वाळा लवकर पसरते, म्हणून फरक हिशेबाइतका मोठा लागत नाही, पण लागतो. ते काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली दोन वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात.

आता व्हॉल्व्ह. टॅपेटचा आवाज येऊ लागला की मालक घाबरतो आणि ‘आवाज बंद करून द्या’ म्हणतो. मला उलट, एकदम शांत झालेल्या जुन्या इंजिनाची जास्त काळजी वाटते. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू लांबतो. फट जास्त झाली तर टकटक आवाज येतो, व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडतो, लवकर मिटतो, थोडी ताकद जाते. नुकसान सावकाश होते आणि ते ऐकू येते. फट कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह तापतो, लांबतो, आणि मिटण्याच्या वेळी सीटवर पूर्ण टेकत नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाबतीत हे घातक आहे. जोरात चालणाऱ्या इंजिनात त्याचे डोके ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असते, आणि त्यातली बरीचशी उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच सीटमार्फत हेडमध्ये, तिथून पाण्यात जाते. टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट नाही. वर त्या बारीक फटीतून पेटलेला गॅस गॅसकटरच्या ज्योतीसारखा झोतात बाहेर पडतो आणि कडेचा तुकडा कापून काढतो. जळालेला व्हॉल्व्ह हातात घेतला तर ही खाच डोळ्यांना दिसते.

फट आपोआप कमी होण्यामागे आणखी एक कारण आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असायचे आणि त्याचा थर एक्झॉस्ट सीटचे झिजण्यापासून रक्षण करायचा. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर तेच मिळू लागले. लहान मुलांच्या रक्तातले शिसे कमी करण्यासाठी हा निर्णय व्हायलाच हवा होता. पण ज्या हेडमध्ये सीट वेगळी बसवलेली नसून कास्ट आयर्नमध्येच कापलेली असते, तिथे सतत वेगात गाडी चालवली तर सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट खाऊन टाकतो. कडक धातूच्या सीट बसवून घेणे हा त्यावरचा कायमचा उपाय. सीएनजीवर हाच त्रास वाढतो. गॅस कोरडा, सीटला पेट्रोलचा ओलावा अजिबात मिळत नाही. सीएनजीवर धावलेले हेड हाती आले तर सीट आधी बघाव्यात.

फट तपासण्याचे काम इंजिन थंड असताना करावे, आणि आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असू शकतात. काही इंजिनांना फट गरम असताना बघायला सांगितलेले असते, तेव्हा तसेच करावे. कुठला व्हॉल्व्ह केव्हा मोजायचा याची युक्ती सोपी आहे. चार सिलिंडरच्या या इंजिनात १ आणि ४, तसेच २ आणि ३ हे पिस्टन जोडीने वर येतात. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मिटत आला आणि इनटेक उघडू लागला, दोन्ही रॉकर एकाच वेळी हलू लागले, की पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मोकळे असतात. तेव्हा पहिल्याचे मोजायचे. पहिल्याचे हलताना चौथ्याचे, दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. फिलर गेजची पाती किंचित घासत सरकली पाहिजे. लॉक नट आवळताना फट हमखास बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालून बघायची.

फिलर गेज दोन बाबतीत मात्र फसवते. रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीने खड्डा पाडलेला असेल तर सपाट पाती त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते. पाती सांगते फट बरोबर, प्रत्यक्षात ती जास्त असते. सेटिंग करूनही टकटक जात नसेल तर रॉकर काढून त्याचे टोक बोटाने चाचपावे. दुसरी फसवणूक अधिक गंभीर. कॅमचा उंचवटा झिजला असेल तर फट मोजताना काहीच कळत नाही, कारण फट मोजतो ती कॅमच्या गोल पाठीवर, आणि पाठ झिजत नाही. व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडत नाही. म्हणून झाकण उघडलेलेच आहे तर इंजिन हाताने फिरवून प्रत्येक रॉकर किती खाली जातो ते मोजावे आणि चार एक्झॉस्ट एकमेकांशी, चार इनटेक एकमेकांशी ताडून पाहावेत. एखादा स्पष्ट कमी उघडत असेल तर कॅम किंवा वाकलेला पुशरॉड. एक्झॉस्टचा उंचवटा झिजला की जळलेला वायू बाहेर पडायला पुरेशी वाट मिळत नाही. इनटेक उघडताच तो उलटा कार्ब्युरेटरकडे धावतो आणि वर ‘फट्’ असा आवाज येतो. असा आवाज ऐकून कार्ब्युरेटर उघडणारे पुष्कळ असतात.

व्हॉल्व्ह नीट मिटतात की नाही ते कॉम्प्रेशन गेज सांगते. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची तार सोडवलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि बॅटरी चांगली. मग एकेका भोकाला गेज लावून सेल्फ मारायचा. एकूण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर १३० पौंड दाखवतात आणि एक ८०, तर त्या एकात चमचाभर इंजिन ऑइल पिचकारीने सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर गळती पिस्टनच्या रिंगांतून, कारण तेलाने ती फट बुजली. चढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून. शेजारशेजारची दोन सिलिंडर सारखीच पडलेली असतील तर त्या दोघांमधले हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी.

व्हॅक्यूम गेज आपल्याकडे फारसे वापरत नाहीत, याची मला खंत वाटते. इनटेक मॅनिफोल्डला ते जोडले की इंजिन आतून काय करते आहे ते काट्यावर दिसते. समुद्रसपाटीला, स्लो स्पीडवर, निरोगी इंजिन पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दाखवते आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करायचा; म्हणजे मुंबईत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७ दाखवेल आणि त्यात दोष काही नाही. काटा ठरावीक तालात खाली झटका खात असेल तर एक व्हॉल्व्ह गळतो आहे. झटका मधूनच, कधीही येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो आहे, आणि सकाळी थंड असताना गाडी मिसिंग करून पाच मिनिटांनी सुरळीत होणे हे त्याचेच दुसरे लक्षण. काटा स्थिर आहे पण आकडाच कमी आहे, तर ठिणगीला उशीर होतो आहे किंवा व्हॉल्व्हला. इथून पुढे ठिणगीकडे वळायचे.

ठिणगीकडे येताना पुन्हा क्रम आहे: पहिल्यांदा पॉइंटचा गॅप, नंतर टायमिंग. उलट केले तर केलेले टायमिंग वाया जाते. डिस्ट्रिब्यूटरचा कॅम पॉइंटची फायबरची टाच घासत फिरतो. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. गॅप वाढवला की ठिणगी आधी पडते. गॅप या जातीच्या इंजिनांत साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो. पॉइंटच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. उघडणाऱ्या पॉइंटमध्ये विजेचा जाळ होऊ न देणे हे त्याचे काम. तो गेला की पॉइंट जळतात, ठिणगी पिवळट आणि दुबळी पडते, आणि इंजिन तापल्यावर गाडी बंद पडू लागते. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहावा. बुश झिजून शाफ्ट लडबडत असेल तर गॅप दर फेऱ्याला वेगळा असतो, आणि अशा डिस्ट्रिब्यूटरवर कितीही काळजीने केलेले टायमिंग टिकणार नाही.

गॅप झाला की टायमिंग. १२ व्होल्टचा छोटा दिवा पुरतो. त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक तारेच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या धातूला. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येत असताना पुलीवरची खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणायची, किल्ली चालू करायची, डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करून आधी तो रोटर फिरतो त्याच दिशेने दिवा विझेपर्यंत फिरवायचा, मग सावकाश उलट दिशेने आणायचा. दिवा लागला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. तिथेच क्लॅम्प आवळायचा. यात एक जागा चुकण्याजोगी आहे: पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो, आणि पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा बाहेर ढकलते ते कॉम्प्रेशन. हे न पाहता डिस्ट्रिब्यूटर बसवला तर ठिणगी अर्धा फेरा उलटी पडते. गाडी सुरू होत नाही, फक्त कार्ब्युरेटरमधून भडका मारते.

त्यानंतर टायमिंग लाइट लावून इंजिन हळूहळू रेस करावे. खूण एकसारखी पुढे सरकत गेली पाहिजे. सरकतच नसेल तर वजने गंजून अडकली आहेत. अशी गाडी गावात बरी चालते आणि हायवेवर मरगळते. एकदम उडी मारत असेल तर स्प्रिंग तुटली आहे. मग घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये खणखण नॉकिंग येते. ती खणखण आणि टॅपेटची टकटक यांत गल्लत करू नये. टॅपेट उभ्या गाडीतही वाजतो, आणि इंजिन चालू असताना त्या रॉकरखाली पाती सरकवली की गप्प होतो. नॉकिंग फक्त भार पडल्यावर येते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थांबते. पिस्टनच्या डोक्यावर हातोडे पडत असल्याचा तो आवाज आहे, तो सहन करत गाडी चालवू नये.

नॉकिंगच्या भीतीने टायमिंग मागे घेऊन ठेवण्याची पद्धत मात्र मला मान्य नाही. उशिरा पडलेल्या ठिणगीचा आवाज होत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला वायू फार तापलेला असतो, कारण जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती शिल्लक राहिलेली असते. ती व्हॉल्व्हच्या कडेवरून जाते. मॅनिफोल्ड लालसर होतो, रेडिएटर तापतो, पेट्रोल जास्त लागते, आणि काही महिन्यांनी कॉम्प्रेशन गेजवर एक सिलिंडर पडलेले दिसते. व्हॉल्व्ह जाळणारा दोष मुळात ठिणगीचा होता. वापरात पॉइंटची टाच झिजते तीही उशिराकडेच नेते, आणि चेन सैल होते तीही. सीएनजीची ज्वाळा सावकाश पसरते, म्हणून पेट्रोलवर बरोबर असलेले टायमिंग गॅसवर उशिराचे ठरते. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या टॅक्सीत मधला आकडा धरावा लागे आणि त्याची किंमत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोजत.

आता चेनकडे. चेन सैल झाली की व्हॉल्व्हलाही उशीर, ठिणगीलाही. मेकॅनिक दिवा लावतो, डिस्ट्रिब्यूटर फिरवतो, खूण जुळवतो. ठिणगी सुधारते, व्हॉल्व्ह उशिराच उघडत राहतात. कागदावर टायमिंग बरोबर, गाडी मात्र खालच्या वेगात निर्जीव. हे पकडायला डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून रोटरवर नजर ठेवावी. क्रँक हाताने एका दिशेला फिरवत रोटर हलू लागेपर्यंत न्यावा, मग उलट फिरवून रोटर पुन्हा हलेपर्यंत पुलीवर किती अंश सरले ते पाहावे. गिअरची थोडी ढिलाई त्यात धरावी. पण दहा अंशांच्या वर जात असेल तर पुढचे कव्हर उघडून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याचा खर्च टाळू नये. नुसती चेन बदलून जुनी स्प्रॉकेट ठेवली तर नवी चेन लवकरच तशीच होते.

हे सगळे झाले, कॉम्प्रेशन सारखे आले, खूण स्थिर आहे, तेव्हा कार्ब्युरेटर. आता तो स्क्रू फिरवला तर इंजिन खरे उत्तर देईल. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि कार्ब्युरेटरमधून तीच ‘फट्’ येऊ शकते, जी आधी कॅमच्या संदर्भात आली. व्हॉल्व्हची हालचाल आधीच मोजलेली असेल तर ती कशाची आहे, याचा घोळ उरत नाही.

आणि हेड उतरवावे लागलेच, तर व्हॉल्व्ह लॅप करून बसवल्यावर हेड उलटे ठेवून कम्बशन चेंबरमध्ये रॉकेल ओतावे आणि पोर्टमध्ये डोकावावे. पाच मिनिटांत एकही थेंब पोर्टमध्ये उतरता कामा नये. उतरला तर तो व्हॉल्व्ह पुन्हा लॅप करावा. हेड बसवताना बोल्ट मधून कडेला, पुस्तिकेतल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने आवळावेत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना आठही फटी पुन्हा मोजाव्यात, कारण नव्याने बसलेल्या सीट थोड्या दबतात आणि फट बदलते. फटी बदलल्या असतील तर त्या लावून, पॉइंटचा गॅप बघून, टायमिंगला दिवा पुन्हा एकदा लावावा.